रानमांस आणि वेगळी मांसं: पहिल्यांदा चाखणाऱ्यांसाठी

वेगळं मांस खाऊन आलेल्या माणसाला ‘कसं लागतं?’ असं विचारलं, की बहुतेक वेळा दोनच उत्तरं मिळतात. मगर, बेडूक, ससा, लाव्हा पक्षी यांबद्दल ‘चिकनसारखं’. हरिण, रानडुक्कर, रानबदक यांबद्दल ‘उग्र’. दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. मगरीची शेपटी आणि कोंबडीची छाती शेजारी ठेवून खाल्ली तर फरक पहिल्या घासाला कळतो. नीट हाताळलेलं, बेताचं शिजवलेलं हरणाचं मांस तर मुळीच उग्र लागत नाही. माझं ठाम मत आहे, की रानमांस न आवडल्याच्या बहुतेक तक्रारींत दोष प्राण्याचा नसतो. जनावर पडल्यापासून ते ताटात येईपर्यंत जे घडलं, त्याचा असतो. म्हणून नवख्या माणसाने आधी मांस कुठून आलं आणि त्याची चव कशाने घडते एवढं समजून घ्यावं, आणि मगच तवा तापवावा.

पायरी १: मांस कुठून आलं, ते विचारा

कायदा देशागणिक बदलतो, आणि तो माहीत नसणं ही सबब कुठेच चालत नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षित वन्यप्राण्यांची शिकार आणि त्यांच्या मांसाचा व्यापार गुन्हा आहे. कुणी आडून हरणाचं किंवा रानडुकराचं मांस देऊ केलं, तर तिथेच नाही म्हणायचं. अमेरिकेत परवाना घेऊन हरिण मारता येतं, घरी खाता येतं, मित्रांना देता येतं, पण शिकारीचं मांस विकता येत नाही. तिथल्या उपाहारगृहात मिळणारं हरिण कळपात पाळलेलं असतं, आणि त्यातलं बरंच न्यूझीलंडहून येतं. ब्रिटनमध्ये मात्र गोळीने टिपलेलं हरिण आणि तितरकुळातले पक्षी हंगामात दुकानात उघड विकले जातात. ऑस्ट्रेलियात कांगारू पाळत नाहीत. सरकार ठरवून देतं तेवढीच जनावरं परवानाधारक शिकारी रानात मारतात आणि ते मांस सुपरमार्केटमध्ये येतं.

काही मांसांच्या बाबतीत वादाला जागाच नाही. खवल्या मांजराच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. माकडं, वटवाघळं, समुद्री कासवं यांच्याकडेही कुतूहल म्हणून वळू नये. एक तर यांतल्या कित्येक जाती संपत चालल्या आहेत, आणि रानातल्या माकड-वटवाघळांच्या मांसातून माणसात आलेल्या रोगांचा इतिहास फार वाईट आहे. प्रवासात एखादं मांस आवडलं म्हणून पिशवीत घालून आणायचा विचारही करू नका. कच्चं मांस सीमेपार न्यायला बहुतेक देश परवानगी देत नाहीत.

सुरुवातीला पाळलेल्या जनावराचं मांस घेतलेलं उत्तम. पाळलेलं हरिण, शहामृग, बायसन (उत्तर अमेरिकेतलं गव्यासारखं जनावर), लाव्हा, ससा यांचं वय, आहार आणि कत्तलीची पद्धत ठरलेली असते, त्यामुळे चवही दर वेळी साधारण सारखी येते. रानातल्या जनावराच्या चवीचा भरवसा नसतो. ते फार चांगलं निघू शकतं किंवा फार वाईट, आणि पहिल्याच अनुभवाला एवढी जोखीम घ्यायचं कारण नाही.

पायरी २: चव कशाने घडते

मांसाचा रंग मायोग्लोबिनमुळे येतो. स्नायूंत प्राणवायू साठवणारं हे लोहयुक्त प्रथिन. जो स्नायू सतत राबतो त्यात ते जास्त असतं. कोंबडी क्वचित उडते, म्हणून तिची छाती पांढरी. रानबदक शेकडो किलोमीटर उडतं, म्हणून त्याची छाती गडद लाल. सील पाण्याखाली दीर्घकाळ श्वास धरून राहतो, त्याचं मांस जवळजवळ काळं दिसतं. रंग जितका गडद, तितकी चव कलेजीकडे झुकते, तोंडात किंचित धातूची जाणीव राहते. न पाहिलेल्या मांसाची चव ताडायची असेल, तर कच्च्या तुकड्याचा रंग बघा. निम्मा अंदाज तिथेच येतो. ‘चिकनसारखं’ म्हणवली जाणारी सगळी मांसं फिकट असतात, हा काही योगायोग नाही.

दुसरी गोष्ट चरबी. स्नायूची चव प्राण्याप्राण्यांत तितकी बदलत नाही, जितकी चरबीची बदलते. बोकडाचा आणि मेंढ्याचा ओळखू येणारा वास चरबीतल्या विशिष्ट आम्लांमुळे येतो. वयात आलेल्या नर डुकराच्या चरबीत अँड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल ही दोन द्रव्यं साठतात. त्यांचा वास काहींना घामासारखा किंवा लघवीसारखा येतो आणि काहींना जनुकांच्या फरकामुळे अजिबात येत नाही. एकाच ताटातलं रानडुक्कर एकाला छान आणि दुसऱ्याला असह्य लागलं, तर दोघंही खरं बोलत असतात. हरणाच्या स्नायूत चरबी अगदी कमी, साधारण दोन-तीन टक्के. पण कातडीखाली जी असते ती मेणासारखी घट्ट असते, जिभेला आणि टाळूला चिकटून बसते. ती कापून काढली, की ‘उग्र’पणाचा मोठा वाटा कचऱ्यात जातो.

तिसरा आहार. धान्य आणि ओकची फळं खाणारं हरिण गोडसर लागतं, तर कडवट झुडपं चरणारं हरिण तीच कडवट झाक घेऊन येतं. मासे खाणारी बदकं वशट लागतात. अस्वलाचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. बोरंबिरं खाऊन माजलेलं अस्वल गोड लागतं आणि साल्मन खाणाऱ्या अस्वलाला माशाचा वास मारतो. जात तीच.

आणि चौथं म्हणजे मरण. याबद्दल लोक कमी बोलतात, पण माझ्या मते सगळ्यांत जास्त फरक इथेच पडतो. जनावर शांत असताना एका गोळीत पडलं, तर स्नायूतल्या ग्लायकोजेनचं (साठवलेल्या साखरेचं) मरणानंतर लॅक्टिक आम्ल होतं, मांसाची आम्लता योग्य पातळीवर येते आणि मांस रसदार, टिकाऊ राहतं. घाबरून लांबवर पळालेल्या, जखमी होऊन तडफडलेल्या जनावराचं ग्लायकोजेन आधीच संपलेलं असतं. त्याचं मांस गडद, घट्ट, कोरडं होतं आणि लवकर बिघडतं. गोळी आतड्यात लागली, पोट साफ करायला उशीर झाला, उन्हात धूड पडून राहिलं, की वास आत मुरतो आणि मग कोणताही मसाला तो काढू शकत नाही. म्हणून विकणाऱ्याला किंवा शिकाऱ्याला विचारायचा खरा प्रश्न ‘ताजं आहे का?’ हा नाही. कुठे गोळी लागली, किती वेळात साफ केलं, किती वेळात थंड केलं, हे विचारा. जाणता माणूस या प्रश्नांवर खुलतो.

तसं पाहिलं तर अगदी ताजं रानमांस चांगलं नसतंच. शून्य ते चार अंश सेल्सिअसमध्ये काही दिवस टांगून ठेवलं, की मांसातलीच विकरं तंतू सैल करतात आणि चव भरते. हरिण आठवडाभर, कधी त्याहून जास्त टांगतात. पक्षी त्यापेक्षा कमी.

पायरी ३: क्रम ठरवा

सौम्यापासून तीव्राकडे जा. लाव्हा आणि पाळीव ससा आधी, मग बायसन आणि शहामृग, मग पाळलेलं हरिण. इथपर्यंत आवडलं तर कांगारू, रेनडिअर, रानातलं हरिण, रानबदक. रानससा, ग्राउस पक्षी आणि मोठं रानडुक्कर अगदी शेवटी. एका बैठकीत चार मांसं चाखू नका. पहिल्या गडद मांसाची चव जिभेवर रेंगाळते आणि पुढच्या सौम्य मांसाला न्याय मिळत नाही.

पायरी ४: घरी आणल्यावर

बहुतेक रानमांस गोठवलेलं मिळतं आणि त्यात काही कमीपणा नाही. फ्रिजच्या खालच्या खणात, ताटात ठेवून रात्रभर सुटू द्या. बाहेर ओट्यावर किंवा गरम पाण्यात नको. पिशवीत साचलेलं लाल पाणी फेकून द्या, मांस कोरडं पुसा आणि मग वास घ्या. निरोगी रानमांसाला लोखंडाचा, ओल्या पानांचा, हलका गोडसर वास असतो. आंबूस, अमोनियासारखा किंवा अंड्याचा वास आला, हाताला चिकट बुळबुळीत लागलं, तर ते खायचं नाही, मग कितीही महाग असो.

आता धारदार सुरीने चरबी काढा. स्नायूवरचं पांढरं-चंदेरी पातळ आवरणही सोलून काढा. ते शिजून मऊ होत नाही, आकसतं आणि तुकडा वाकडा करतं. हे काम वेळखाऊ आहे, पण टाळण्यासारखं नाही.

दुधात किंवा ताकात भिजवण्याबद्दल दोन मतं आहेत. मला वाटतं, पहिल्या खेपेला भिजवू नये. दुधातली प्रथिनं काही वास धरून ठेवतात हे खरं, आणि रानबदक किंवा कलेजी यांना त्याचा उपयोगही होतो. पण मुळात चांगल्या हरणाला त्याची गरज नाही. भिजवणीतलं आम्ल आणि मसाले आत काही मिलिमीटरच शिरतात. खोलवर जातं ते मीठ. आदल्या रात्री मीठ लावून फ्रिजमध्ये उघडं ठेवलेला तुकडा सगळ्या मसालेदार भिजवण्यांना मागे टाकतो.

पायरी ५: पहिला तुकडा शिजवा

रानमांस शिजवण्याचा नियम असा, की एक तर झटपट किंवा मग अगदी सावकाश. मधला रस्ता नाही. चरबीवाल्या मांसात थोडं जास्त शिजलं तरी चरबी सांभाळून घेते. इथे सांभाळायला कुणी नाही. साठ-पासष्ट अंशांपुढे तंतू आकसून रस पिळून टाकतात, आणि उरतो तो कोरडा, कलेजीसारखा कडवट गोळा. असा तुकडा खाऊन लोक म्हणतात हरिण वाईट असतं.

पहिल्या खेपेसाठी हरणाच्या पाठीच्या कण्यालगतची लांब पट्टी मिळवा. अतिशय मऊ भागांपैकी हा एक. त्याचे तीन सेंटिमीटर जाडीचे तुकडे करा. मीठ आधीच लावलेलं असेल, नसेल तर निदान पाऊण तास आधी लावा. तुकडा पुन्हा पुसून कोरडा करा, कारण ओला तुकडा भाजला जात नाही, वाफवला जातो. जाड बुडाचा लोखंडी तवा धूर दिसेपर्यंत तापवा, थोडं तेल, आणि मग तुकडे एकमेकांना न चिकटता. पहिली बाजू दोन मिनिटं हलवायची नाही. उलटल्यावर लोणी, लसणाची ठेचलेली पाकळी, असल्यास जुनिपरची दोन वाटलेली फळं घाला आणि तो स्निग्ध रस चमच्याने वर सोडत राहा. आणखी दीड-दोन मिनिटं. मग काढा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. या वेळात आतलं तापमान आणखी तीन-चार अंशांनी चढतं.

आतलं तापमान मोजायला सुईसारखा थर्मामीटर घ्या. रानमांस आधीच गडद असल्याने रंगावरून अंदाज चुकतो. स्वयंपाकी हरणाचा अखंड तुकडा ५५ ते ५७ अंशांवर वाढतात, आणि चव तिथेच सगळ्यांत चांगली असते. अमेरिकी सरकारचा सुरक्षिततेचा सल्ला मात्र ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटं विसावा, असा आहे. तपासणी झालेलं पाळीव हरिण असेल आणि खाणारा धडधाकट असेल, तर निवड त्याची. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं किंवा आजारी माणूस पंगतीला असेल, तर पूर्ण शिजवलेलंच वाढा, आणि त्यासाठी सावकाश शिजणारा भाग निवडा.

सावकाश म्हणजे खांदा, मान, नळ्या. हे भाग आयुष्यभर राबलेले, चिवट जोडउतींनी भरलेले. तेच त्यांचं वैभव आहे. ओलसर उष्णतेत तीन-चार तास ठेवलं, की या उतींचं जिलेटिन होतं आणि रस्सा ओठांना चिकटेल इतका दाट होतो. आधी तुकडे चांगले तांबूस भाजा, त्याच भांड्यात कांदा, गाजर परता, थोडा आंबटपणा घाला (वाइन, टोमॅटो किंवा आंबट फळ), पाणी तुकडे जेमतेम बुडतील एवढंच. खदखदू द्यायचं नाही. एखाददुसरा बुडबुडा येत राहील एवढीच आच. तास झाला की बघायला सुरुवात करा, पण काटा सहज शिरेपर्यंत उतरवू नका. चरबी मुळातच नसल्याने सुरुवातीला थोडं लोणी किंवा डुकराची चरबी घालणं योग्यच आहे.

पायरी ६: चाखताना

पहिला घास नुसत्या मिठाचा. सॉस, चटणी, लिंबू बाजूला. वास घ्या, हळू चावा, आणि गिळल्यावर थोडं थांबा, कारण रानमांसाची खरी ओळख गिळल्यानंतर येते. मग आंबट-गोड काहीतरी सोबत घेऊन दुसरा घास. लाल करंटची किंवा लिंगनबेरीची जेली गडद मांसाबरोबर द्यायची पद्धत उगाच पडलेली नाही. आंबट-गोडाने लोहाची झाक मागे जाते आणि मांसातला गोडवा पुढे येतो.

कोणतं मांस कसं लागतं

हरिण. चांगल्या हरणाला गोमांसासारखी ताकद असते, पण तेलकटपणा नसतो. पोत फार बारीक आणि मखमली. मागे राहतो तो किंचित गोडवा आणि मातीचा, रानातल्या ओल्या पाचोळ्याचा भास. जातींत फरक आहे. रो हरिण लहान चणीचं, सगळ्यांत नाजूक. फॅलो त्याच्यापेक्षा भरदार, लाल हरिण आणखी जोरकस. मूस आकाराने प्रचंड असूनही चवीला सौम्य. शरद ऋतूत माजावर आलेल्या मोठ्या नराचं मांस मात्र कुणी फुकट दिलं तरी पहिल्यांदा खाऊ नये.

रेनडिअर. उत्तर युरोपातले सामी लोक पिढ्यान्‌पिढ्या हे कळप राखतात. हिवाळाभर दगडफूल चरणाऱ्या या जनावराचं मांस हरणापेक्षा मऊ आणि थोडं कलेजीच्या वळणाचं. गोठलेल्या मांसाचे कागदासारखे पातळ काप काढून, लोण्यात परतून, उकडून कुस्करलेला बटाटा आणि लिंगनबेरीबरोबर देतात. नवख्याला रेनडिअर आवडायला याहून चांगली वाट नाही.

बायसन. गोमांस खाणाऱ्याला जवळचं, पण जास्त गोडसर आणि स्वच्छ चवीचं. चरबी कमी असल्याने लवकर शिजतं, आणि नेहमीच्या सवयीने शिजवलं तर वाळतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेत काही शेकडा बायसन उरले होते. आज ते पाळले जातात म्हणूनच ताटात येतात.

शहामृग. पक्षी असून लाल मांसाचा. न उडणाऱ्या या पक्ष्याच्या छातीवर मांस जवळजवळ नसतंच, सगळं मांडीचं. डोळे मिटून खाल्लं तर बहुतेक जण मऊ गोमांस म्हणतील. दक्षिण आफ्रिकेतल्या औट्सहोर्नच्या परिसरात हे पक्षी आधी पिसांसाठी पाळत. टोप्यांवर पिसं लावायची फॅशन १९१४ च्या सुमारास कोसळली, पण पक्षी राहिले. उग्रपणाची भीती वाटणाऱ्याला लाल मांसांत मी सगळ्यांत आधी हेच सुचवेन.

कांगारू. चरबी दोन टक्क्यांहून कमी, रंग गडद लाल. हरणाहून जोरकस, गवताची आणि लोहाची चव स्पष्ट. आतून लालसर असतानाच खाण्याचं मांस आहे. पूर्ण शिजवलं तर चामडं होतं. ते जमत नसेल तर खिमा घ्यावा आणि नीट शिजवावा.

ससा आणि रानससा यांची गल्लत करू नका. पाळीव सशाचं मांस फिकट, कोंबडीपेक्षा घट्ट आणि थोडं गोड. रानससा जवळजवळ काळपट लाल, दाट, रक्ताची चव असलेला, आणि युरोपात तो रक्त घालूनच दाटवलेल्या रश्श्यात शिजवायची जुनी पद्धत आहे. मला स्वतःला रानमांसातली ही सगळ्यांत खोल चव वाटते, पण पहिल्या महिन्यात तिच्याकडे वळू नये. शिवाय सशात चरबी इतकी कमी असते, की नुसत्या सशांवर दिवस काढणारी माणसं भरपूर खाऊनही आजारी पडत. उत्तर ध्रुवाकडच्या प्रवाशांनी हे नोंदवून ठेवलं आहे.

रानडुक्कर. पाळीव डुकरापेक्षा गडद, अक्रोडासारखी झाक असलेलं, चावायला जास्त. लहान पिल्लाचं किंवा तरुण मादीचं मांस उत्कृष्ट. मोठ्या नराचं मघाशी सांगितलेल्या वासामुळे नशिबावर. संशय असेल तर चरबीचा लहान तुकडा तव्यावर तापवून वास घ्या, लगेच कळतं.

पक्ष्यांत लाव्हा नाजूक आणि गोड, हाडांसकट हाताने खायचा. फेझंट कोंबडीच्या जवळचा पण कोरडा, त्यामुळे छातीवर चरबीची पट्टी बांधून भाजतात. रानबदकाची छाती लाल ठेवावी, पाय वेगळे सावकाश शिजवावेत. ग्राउस मात्र वेगळीच गोष्ट आहे. हा पक्षी पाळता येत नाही, स्कॉटलंडच्या माळांवर हेदरची कोवळी पालवी खाऊन वाढतो, आणि ती कडू-सुगंधी वनस्पती मांसात उतरते. दर वर्षी १२ ऑगस्टला त्याचा हंगाम उघडतो. आवडला तर इतर पक्षी फिके वाटायला लागतात.

मगर आणि अ‍ॅलिगेटर. शेपटीचं मांस पांढरं, घट्ट, कोंबडी आणि मासा यांच्या मधलं, चावताना थोडं लवचीक. अमेरिकी अ‍ॅलिगेटर १९६७ मध्ये संकटग्रस्त जाहीर झाला होता आणि सावरल्यामुळे १९८७ मध्ये त्या यादीतून निघाला. आज लुइझियानात त्याची मोठी शेती होते. तळून मिळालं तर मासळी खाणाऱ्याला परकं वाटणार नाही. बेडकाच्या तंगड्या त्याहून कोवळ्या, फार लवकर शिजणाऱ्या, आणि त्यांना स्वतःची चव इतकी थोडी, की लसूण-लोणीच बाजी मारतं. गोगलगाईचंही तेच. तिथे मजा पोताची आहे.

घोड्याचं मांस कझाकस्तानात, फ्रान्समध्ये, जपानात खातात. त्यात ग्लायकोजेन जास्त असतं, म्हणून ते खरोखर गोड लागतं, आणि हा गोडवा काहींना आवडतो, काहींना खटकतो. अँडीज पर्वतराजीत पाळतात ते गिनीपिग सशाच्या मांडीसारखं, कुरकुरीत सालीसाठी नावाजलेलं. रातकिडे आणि पिठातल्या अळ्या भाजल्यावर शेंगदाण्याच्या जवळ जातात. युरोपीय संघाने २०२१ मध्ये पिवळ्या अळीला अन्न म्हणून मान्यता दिली. कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने मात्र किड्यांपासून लांब राहावं, कारण अ‍ॅलर्जी आणणारं प्रथिन दोन्हींत सारखंच आहे.

पायरी ७: आरोग्याची काळजी

रानडुक्कर आणि अस्वल नेहमी ७१ अंशांपर्यंत शिजवा. त्यांच्यात ट्रिकिनेला नावाचा जंत असू शकतो. पाळीव डुकराच्या मांसातला हा जंत पंधरा सेंटिमीटरहून पातळ तुकडा उणे १५ अंशांत वीस दिवस गोठवला तर मरतो, पण अस्वलात सापडणारी जात गोठवण्यालाही दाद देत नाही. कोणत्याही रानमांसाचा खिमा ७१ अंशांपर्यंत, पक्षी आणि सरपटणारे प्राणी ७४ अंशांपर्यंत.

शिशाच्या गोळीने टिपलेल्या मांसात शिशाचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून दूरवर पसरतात. जखमेभोवतीचा भाग सढळ हाताने कापून टाका. गरोदर बायकांना आणि मुलांना असं मांस देऊच नका. डेन्मार्कने शिशाचे छर्रे १९९६ मध्येच बंद केले, युरोपीय संघाने पाणथळ जागांपुरते २०२३ पासून. विकत घेताना बिनशिशाच्या गोळीचं मागता येतं.

उत्तर अमेरिकेत हरणांना झिजवत नेणारा एक प्रायॉन-रोग आहे (प्रायॉन म्हणजे घडण बिघडलेलं, रोग पसरवणारं प्रथिन). तो पहिल्यांदा १९६७ मध्ये कोलोरॅडोत दिसला, नॉर्वेतल्या रेनडिअरमध्ये २०१६ मध्ये. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण प्रायॉन शिजवून नष्ट होत नाहीत, म्हणून रोग असलेल्या भागातलं हरिण तपासणी करूनच खावं, आणि मेंदू-मज्जारज्जू कुठल्याच हरणाचा खाऊ नये. काही गोचिडींच्या चाव्यानंतर सस्तन प्राण्यांच्या सगळ्याच मांसाची अ‍ॅलर्जी जडते. तिची लक्षणं खाल्ल्यावर काही तासांनी येतात, त्यामुळे कारण लक्षात येत नाही. रात्री उशिरा अंगावर पित्त उठलं, तर संध्याकाळचं जेवण आठवा आणि डॉक्टरांना सांगा.

ध्रुवीय अस्वलाची कलेजी कधीच नाही. तिच्यात जीवनसत्त्व अ इतकं असतं, की १५९७ मध्ये ती खाल्लेल्या डच खलाशांची कातडी सोलवटून निघाली होती.

पायरी ८: आवडलं नाही तर

आधी काय आवडलं नाही ते नेमकं करा. कोरडं आणि कडवट लागलं असेल, तर दोष आचेचा. तोच भाग पुन्हा घ्या आणि दोन मिनिटं आधी उतरवा. टाळूला मेण चिकटल्यासारखं वाटलं असेल, तर चरबी नीट निघाली नव्हती, किंवा ताट थंड होतं. हरणाची चरबी लवकर गोठते, ताटं गरम करून वाढा. वास अंगावर आला असेल, तर जनावर बदला: तरुण, पाळलेलं, दुसऱ्या विक्रेत्याचं. आणि हे सगळं नीट होऊनही लोहाची चवच नको वाटत असेल, तर गडद मांसं सोडून द्या आणि ससा, लाव्हा, अ‍ॅलिगेटर या फिकट बाजूला रमा. तिथेही चाखण्यासारखं पुष्कळ आहे.